मासा सोडायचा, पण कुठे?

सदर : कामाची गोष्ट



"तू नेमकं करतेस काय?" हा प्रश्न मला वर्षातून निदान वीस वेळा विचारला जातो. लग्नात, बारशात, मंडळाच्या कोजागिरीला. मी सांगते, "देशी मासे वाढवते. जे नदीतून कमी होत चाललेत ते." मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेला भाव येतो. माझी आत्या तर सरळच म्हणाली, "एवढी एम.एससी. करून मासेच पाळायचे होते, तर घरात काचेची पेटी ठेवली असती ना!"

आत्याचं चुकत नाही. सुरतेत काम म्हणजे काय, तर हिरा, कापड, जरी, नाहीतर हजीऱ्याची कंपनी. ज्युनिअर बायोलॉजिस्ट हे पद ऐकून कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून यंदा संपादकांनी "तुझ्या कामाबद्दल लिही, मुलांना करिअरला उपयोग होईल" असं म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. पण करिअरबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती पुढे येईलच.

दिवस कसा जातो

आमची हॅचरी सुरतेहून दोनेक तासांवर, उकाईच्या बाजूला आहे. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी रात्री घरी. मी तिथली सगळ्यात ज्युनिअर. कंत्राट अकरा महिन्यांचं, पगार पंचवीस हजारांच्या आत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

सकाळी सहाला पहिली फेरी. प्रत्येक टाकीत मीटर बुडवून पाण्याचं तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन वहीत लिहायचा. महसीर हा आमचा मुख्य मासा. तो स्वच्छ, वाहत्या, गारेगार पाण्यातला. त्याला लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. डबक्यात राहणाऱ्या माशांसारखं त्याचं भागत नाही. मग सायफनच्या नळीने टाकीच्या तळाची घाण ओढून काढायची. मग खाद्य. अगदी लहान पिल्लांना पाण्यातले सूक्ष्म जीव, उकडलेल्या अंड्याचा बलक. हो, माशांसाठी रोज अंडी उकडते मी. आईला अजून हे पटलेलं नाही.

खरा हंगाम पावसाळ्यात. रोहू, कटला, मृगळ हे मासे अंडी देतात ती किलोमागे लाखांनी, आणि एका दिवसाच्या आत ती फुटतात. महसीरचं तसं नाही. तो किलोमागे काही हजारच अंडी देतो. अंडं मोठं, सोनेरी पिवळं, साधारण तीन मिलिमीटरचं. पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. फुटायला तीन-चार दिवस लागतात. पिल्लू बाहेर आलं तरी पोटाला बलकाची थैली लटकलेली. त्या ओझ्याने ती सगळी टाकीच्या कोपऱ्यात, अंधाऱ्या बाजूला एकमेकांना चिकटून पडून राहतात. नव्या माणसाला वाटतं मेलीच. पण ती मेलेली नसतात, फक्त वाट बघत असतात.

अंडी काढतात ती हाताने. तयार झालेली मादी ओल्या कापडात धरायची, पोटावरून बोट हलकंच मागे आणायचं, आणि कोरड्या ट्रेमध्ये अंडी घ्यायची. त्यावर नराचं मिल्ट, पक्ष्याच्या पिसाने ढवळायचं, मग पाणी. दोघांनाही लगेच परत टाकीत. सगळं मिळून काही मिनिटांत झालं पाहिजे. पुढचे तीन-चार दिवस ट्रेवरून सतत पाणी वाहतं ठेवायचं आणि ड्रॉपर घेऊन बसायचं. जे अंडं पांढरं पडलं ते मेलं. ते लगेच उचलायचं, नाहीतर त्याच्यावर बुरशी धरते आणि शेजारची चांगली अंडीही जातात. माझं पद काहीही असो, जुलै-ऑगस्टमध्ये माझं काम म्हणजे पांढरी अंडी उचलणं.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीचला वीज गेली. जनरेटरही सुरू होईना. हवा सोडणारे ब्लोअर बंद, पाणी थांबलेलं. आम्ही चौघे होतो: आमचे सर, चौकीदारकाका, त्यांचा मुलगा आणि मी. मग प्रत्येकाने प्लॅस्टिकचा मग घेतला. पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं, उचलायचं, सोडायचं. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते, एवढंच ते विज्ञान. पावणेपाचला वीज आली. त्या रात्री आमच्या टाकीत जी वाचली, त्या प्रत्येक पिल्लावर आमच्या खांद्यांचं थोडं कर्ज आहे.

मोठी होतात तशी त्यांची नावंही बदलतात. आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटाएवढी झाली की बोटुकली. आणखी एक गंमत. मी खाद्याची वाटी घेऊन गेले की बहुतेक बोटुकल्या पृष्ठभागावर धावत येतात. पाहुण्यांना ते फार गोड वाटतं. आमचे सर मात्र गप्प होतात. कारण नदीत सावली दिसल्यावर वर धावणारा मासा पहिल्याच दिवशी बगळ्याच्या पोटात जाणार. आम्हाला बघून जी दगडाखाली लपतात, तीच खरी शहाणी.

आपल्या बोलीतला मासा

आता थोडा इतिहास, आणि तो आपल्या मराठी माणसांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे.

दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. यातलं 'खुद्री' लॅटिन नव्हे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनमध्ये फिरत होता. त्याने नद्यांमधले मासे गोळा केले, चित्रं काढून घेतली, आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. खुद्रीचा नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. नावं देताना साइक्सने ठिकठिकाणी इथली, नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. शिंगटी, फुलंगी, खुद्री. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठातला प्राध्यापक हे मासे सांगताना नकळत दख्खनचा शब्द उच्चारतो.

माझा सगळ्यात आवडता मात्र खवलचोर. कृष्णेच्या खोऱ्यातला हा लहानसा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवलं कुरतडून खातो. त्याचं शास्त्रीय नाव निओट्रोपियस खवलचोर. ते १९५२ मध्ये दिलं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. हे कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. आणि आपली पुढची गोष्टही त्यांच्यापासूनच सुरू होते.

लोणावळा

लोणावळ्याला आपण चिक्की घेतो, धबधबे बघतो. तिथेच वळवणच्या तलावाकाठी टाटा पॉवरची महसीर हॅचरी आहे. टाटांची ही धरणं विजेसाठी बांधलेली. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि उथळ, खडकाळ पाण्यात अंडी घालतो. धरणाने ती वाट बदलते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ती पद्धत बसवली. वर सांगितलेलं ट्रे, पीस, वाहतं पाणी हे आम्ही आज जे करतो, त्याच्या मुळाशी त्यांचंच काम आहे. महसीरची अंडी उशिरा फुटतात, या अडचणीचाही त्यांनी उपयोग करून घेतला: ओल्या कापसात ठेवून ती दूरवर पाठवता येतात, हे दाखवून दिलं.

तिथून पन्नास वर्षांत लाखो बोटुकल्या देशभर गेल्या. एके काळी धोक्यातली मानली जाणारी ही जात आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'कमी चिंतेच्या' गटात आहे. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "या क्षेत्रात यश म्हणजे काय?" मी लोणावळ्याचं नाव घेतलं होतं. आजही घेईन. पण आता त्याच्यापुढे आणखी एक नाव जोडीन.

कावेरी

कावेरीत एक वेगळाच महसीर राहतो. पाठीवर कुबड, पन्नास किलोच्या पुढे जाणारा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. ब्रिटिशांच्या काळापासून गळाने मासे धरणारे त्याच्यासाठी देशोदेशींहून येत. सत्तरच्या दशकापासून कावेरीत मासे वाढावेत म्हणून खुद्रीची पिल्लं सोडली गेली. हेतू शंभर टक्के चांगला. महसीर कमी झालाय, महसीर मिळतोय, सोडा महसीर.

खुद्री तिथे रुजला, वाढला. कावेरीवरच्या एका शिबिरात गळ टाकणारे लोक धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद करत आणि मासा परत सोडत. संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या तपासल्या. एकूण मासे वाढताना दिसले, पण वाढत होता तो बाहेरून आलेला खुद्री. कुबडवाला कमी कमी होत गेला. गंमत म्हणजे, ज्याच्यासाठी जग तिथे येत होतं, त्या माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं सिद्ध झालं आणि त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिधोक्यातला' अशी झाली. सगळा दोष खुद्रीवर टाकता येत नाही. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी हेही आहेच. पण एका नदीत जो देशी, तो दुसऱ्या नदीत पाहुणा असतो, हे कावेरीने शिकवलं. भारतातला मासा भारतातल्याच नदीत सोडला, तरीही.

हा नियम माशांचा आहे हं; माणसांना लावू नका. माझे आबा शहादा तालुक्यातून सुरतेला आले आणि त्यांच्यामुळे इथल्या कुणाचं पाणी आटलं नाही. माणसं एकमेकांची भाषा शिकतात. माशांना ती सोय नाही.

आणि आपली तापी

आता मुद्द्यावर येते. मंडळाच्या युवा विभागाच्या ग्रुपवर मध्यंतरी एक प्रस्ताव आला: यंदाच्या वर्धापनदिनाला झाडं लावण्याऐवजी तापीत महसीरची एक हजार बोटुकली सोडू या. ताई हॅचरीतच आहे, सवलतीत मिळतील. खाली धडाधड अंगठे पडले. मी त्या दिवशी फक्त "बोलू या" एवढंच लिहिलं. काहींना राग आला, हे मला कळलंय. माझं उत्तर 'नको' असं आहे, आणि त्याची कारणं अशी.

तापी मुलताईला उगम पावते, मेळघाटाचं पाणी घेते, खानदेशातून वाहते आणि ७२४ किलोमीटर येऊन आपल्या सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच घरांनी जो प्रवास केला, तो तिने आधीच केलेला आहे. तापी आणि नर्मदा हे महसीरचं जुनं घर. पण तो खुद्री नव्हे, मुख्यतः टॉर टॉर ही दुसरी जात. नर्मदेकाठी त्याला 'बाडस' म्हणतात आणि मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं. तेव्हा पहिला प्रश्न: हजार बोटुकल्या कुठल्या जातीच्या? बोटाएवढ्या असताना भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. स्वस्तात मिळतात त्या कुठून आल्या, हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

दुसरा प्रश्न: त्यांचे आईबाप किती? एकाच जोडीची हजार पिल्लं म्हणजे हजार सख्खी भावंडं. पुढच्या पिढीत ती एकमेकांतच जोडी जमवणार. म्हणून आम्ही जितक्या जास्त नर-मादींचा वापर करता येईल तितका करतो आणि कुणाचं कुणाशी जमवलं ते लिहून ठेवतो. आमच्या हॅचरीतली सगळ्यात मौल्यवान वस्तू विचाराल तर मासा नाही, ती वही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. सोडल्यावर ती राहणार कुठे? सुरतेत सिंगणपोरच्या वियरखाली भरतीचं खारं पाणी येतं. वियरच्या वर पाणी संथ, तुंबलेलं, जलपर्णीने झाकलेलं. महसीरला हवी खळखळ, दगडगोटे, वर चढून जायची वाट. आता समुद्रापासून वर मोजा: सिंगणपोरचा वियर, काकरापार, १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई, मग प्रकाशा, सारंगखेडा आणि सुलवाड्याचे बॅरेज, त्यापुढे भुसावळजवळचं हतनूर. ही धरणं नकोत असं मी म्हणत नाही. उकाईचं पाणी आपण पितो, आणि आबांच्या गावची केळी बॅरेजच्याच पाण्यावर उभी आहे. पण माशाच्या दृष्टीने बघा. ज्या जिन्याने तो घरी जायचा, त्याच्या प्रत्येक मजल्यावर कुलूप आहे. आपण फोटो काढून, फुगे सोडून, नाश्त्याला लोचो खाऊन घरी येऊ. हजारातली किती आठवड्यानंतर जिवंत असतील, ते मोजायला कुणी जाणार नाही.

मग हॅचरीचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मीही रात्री पांढरी अंडी उचलताना हे स्वतःला विचारते. माझं उत्तर असं: हॅचरी म्हणजे बँकेतलं लॉकर. घर जळालं तर काहीतरी शिल्लक असावं म्हणून. पण लॉकरमध्ये कुणी राहत नाही. राहायला घरच लागतं. आणि ते घर म्हणजे वरच्या अंगाच्या, सातपुड्यातल्या, मेळघाटातल्या वाहत्या उपनद्या. तिथले डोह टिकले तर आमची वही कामाला येईल. नाहीतर आम्ही फक्त टाकीतले मासे वाढवत राहू.

डोह कसे टिकतात, हे आपल्या आजी-पणजींना माहीत होतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचं ठाणं. तिथल्या डोहात मोठाले महसीर आहेत, आणि देवीचे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. वाड्याजवळ तिळसेश्वराला वैतरणेच्या पात्रात असेच देवमासे. तिथे हॅचरी नाही, ब्लोअर नाही, मीटर नाही. फक्त एवढंच ठरलेलं, की या डोहात जाळं टाकायचं नाही.

मग आपण काय करू या

वर्धापनदिनाच्या पैशांसाठी माझ्या तीन सूचना.

एक. सोडण्याऐवजी, न सोडण्याची मोहीम काढू या. घर बदलताना, परीक्षा आली म्हणून, कंटाळा आला म्हणून अ‍ॅक्वेरियममधले मासे खाडीत नाहीतर तलावात सोडणारे आपल्याच सोसायट्यांत आहेत. काच साफ करणारा तो काळा सकरफिश बाहेर पडला की वाढतच जातो. चिलापीने किती तलाव व्यापलेत, ते कुठल्याही मासळीबाजारात दिसेल. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तर समोर येईल ते खातो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, ओळखीत कुणाला द्या. पाण्यात सोडू नका. एवढं सांगणारं एक पानी पत्रक गुजराती, मराठी आणि हिंदीत छापू. मजकूर मी देते.

दोन. सहल. पालच्या जगदीशचंद्र बोस अ‍ॅक्वेरियममध्ये मुलांना आपण नेतोच. या वेळी शार्कच्या टाकीपुढे फोटो झाले की तिथून पुढे वाळणकोंडला जाऊ. एक रात्र लागेल. काचेतला मासा आणि डोहातला मासा, दोन्ही बघितल्याशिवाय मुलांना फरक कळणार नाही.

तीन, आणि ही फुकट आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुमच्या गावच्या नदीत कुठले मासे होते? मी आबांना विचारलं. ऐंशी वर्षांचे आहेत, सकाळी काय जेवले ते आठवत नाही. पण तापीतले मासे विचारल्यावर डोळे मिटून बोटं मोजत गेले. कुठला पुरात वर यायचा, कुठला काट्याचा, कुठल्याचं कालवण बाळंतिणीला द्यायचे. त्यातली काही नावं माझ्या एकाही पुस्तकात नाहीत. साइक्स दोनशे वर्षांपूर्वी गावोगाव फिरून हेच तर विचारत होता.

ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं बी.एफ.एससी. करता येतं, गुजरातेत वेरावळला, महाराष्ट्रात रत्नागिरी, नागपूर, उदगीरला कॉलेजं आहेत. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. माझ्यासारखं झूलॉजी घेऊनही येता येतं. पोहता आलं तर बरं. नसेल तर शिकून घ्या. पहाटे उठायची सवय लागतेच. पगाराचं वर सांगितलंय.

आणि आबांसारखं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांनी सांगितलेली नावं त्यांच्याच उच्चारात फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा. गाव आणि नदी तेवढी लिहायला विसरू नका. दिवाळीपर्यंत जेवढी जमतील तेवढ्यांची यादी याच सदरात देईन.